वळलेल्या कानांचे घोडे

ज्या वर्षी बन्सीलालचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकसष्ट. त्या लग्नात नवरदेव घोड्यावर बसला नाही. दमणीला बैल जुंपून त्याला मांडवात नेला, आणि गुजरांच्या पंगतींना तेवढी एक कुजबुज महिनाभर पुरली. ब्राह्मणपुरीच्या त्या घरात घोड्याचं नावही काढायचं नाही, असा जसोदाबाईंचा हुकूमच होता. आणि हळद उतरते न उतरते तोच त्याच बन्सीलालनं ओट्यावर एक पोतं उलटं केलं, आणि त्यातून खडखडत घोडेच घोडे बाहेर पडले!

प्लास्टिकचे घोडे. मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यातले, एकाच साच्यातून काढलेले, सगळे सारखेच तांबडे, सगळ्यांचा एकच पाय उचललेला.

"घोडा!" जसोदाबाईंचा आवाज फाटला. "मन्हा घरमा तू घोडा लयना?"

"माय, खेळना शेतस. सारंगखेडानी जत्रामा दुकान लावसू..."

"जठे मन्हा चुनी गया तठेच तुले बी जानं शे का?"

बोलता बोलता त्यांची नजर चुलीपाशी बसलेल्या थोरल्या सुनेकडे गेली, आणि तिच्यावरून सरकून पलीकडच्या भिंतीवर थांबली.

"त्या बाईले सांगा," त्या भिंतीला म्हणाल्या, "आते तिना जीव हरखना व्हई!"

ती बाई म्हणजे दगूबाई. चुनीलालची विधवा. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती त्या घरात राबत होती. शेणपाणी, दळणकांडण, कापूसवेचणी, केळीची राखण... सगळं काही, आणि त्या नऊ वर्षांत सासू तिच्याशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. जे सांगायचं ते भिंतीला, गाईला, नाहीतर परसातल्या लिंबाला! शिव्या सोसता येतात, मार सोसता येतो. पण आपण असून नसल्यासारखं जगणं... ते दुःख सांगायचं तरी कोणाला? तिच्या मनात एकच आस उरली होती. मरण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, त्या माउलीनं आपल्या तोंडाकडे बघून हाक मारावी!

आणि हे सारं एका घोडीपायी.

दगूबाईच्या माहेरी घोडे असत. बाप घोड्यांचा पारखी, त्यानं पोरीला खांद्यावर बसवून रंग, चाल, भोवरे सगळं शिकवलेलं. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. गळ्यावरचा तो देवमण, तो शुभ. आणि डोळ्याखाली असला तर तो आसूढाळ, मालकाच्या डोळ्यांत आसवं आणणारा. सारंगखेड्याला भोवरे पाहिल्याशिवाय कोणी घोड्याच्या पाठीवर हात ठेवत नाही. नऊ वर्षांपूर्वी चुनीलालनं त्या यात्रेत घोडी घेतली, तेव्हा घरची पारखी बाई यात्रेतच होती. घोडी घेऊन तो गावाकडे निघाला, गोमाई नदीच्या पात्रात घोडी बुजली, आणि तो दगडांवर पडला तो उठलाच नाही. रिकाम्या पाठीची घोडी तेवढी लोकांनी दारात आणली. तिच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता!

"हिनी दखी, हिनीच पास करी!" जसोदाबाईंनी टाहो फोडला. "मन्हा पोर्‍या खायी गयी!"

दगूबाई तेव्हा एक अक्षरही बोलली नाही. घोडी दगडात बुजते, भोवऱ्यानं माणूस मरत नाही, हे तिला कळत होतं. आणि आणखीही एक गोष्ट तिला कळत होती. पण ती तिनं गिळली.

यात्रेला बन्सीलालनं आईचं ऐकलं नाही. नवी नवरी रमिलाबाई हट्टानं म्हणाली, "जेवण कोन करी? भाभी येतीन तर मी येसू." म्हणून दगूबाई त्या वाटेला नऊ वर्षांनी लागली. तापीकाठचा तो पसारा तसाच होता. घोड्यांच्या रांगा, खिंकाळणं, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे, दत्ताच्या देवळाकडे जाणारी माणसं... पदर तोंडावर घेऊन ती चुलीपुढं बसली.

दुकान मात्र बसलं! दिवसभर एक घोडा खपला नाही. मुलं हात लावत, बाप मुलांना ओढून नेत. शेवटी जान्या नावाचा घोड्यांचा एक व्यापारी, मोठा तोंडाळ माणूस, एक घोडा हातात घेऊन उलटासुलटा करू लागला.

"काय शेठ, हाई काय शे?"

"घोडा शे ना, जान्याभाऊ."

"घोडा? कान दख याना! सरळ उभा! शेपटी दख, जशी लाकूड! हाऊ घोडा नही शेठ, हाऊ मुंबईना गाढव शे!"

भोवतीची माणसं खो खो हसली. बन्सीलालचं तोंड एवढंसं झालं. दगूबाईनं पदराआडून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्या घोड्यांकडे. जान्या खरं तेच बोलत होता! काठेवाडी घोड्याचे कान वर एकमेकांकडे वळतात, टोकाला टोक भिडतं; त्या डौलासाठीच तर माणसं एवढ्या लांबून येतात. ज्या साचा करणाऱ्यानं तो घोडा घडवला, त्यानं जन्मात असा कान पाहिला नसणार...

तिची बोटं शिवशिवली. तिनं एक घोडा उचलला आणि निखाऱ्याजवळ धरला. क्षणात प्लास्टिक मऊ पडलं आणि सबंध डोकं छातीवर लोंबलं!

"अवं भाभी," रमिला हसून लोळली, "याले त नवरीसारखी लाज वाटी ऱ्हायनी!"

नऊ वर्षांत दगूबाई पहिल्यांदा हसली. मग तिनं निखारा सोडला आणि भाताच्या पातेल्यातलं उकळतं पाणी घेतलं. नुसते कान बुडवले, चिमटीत धरून वळवले, टोकाला टोक लावलं, आणि लगेच गार पाण्यात. कान वळले ते वळलेच! लाकडासारखी शेपटी कापून तिथं तापल्या दाभणानं भोक पाडलं, आणि घोड्यांच्या तळावर पडलेले खरे केस लाखेनं बसवले. चुन्यात डिंक कालवून चारी पाय पांढरे केले, कपाळावर पट्टा ओढला. पंचकल्याणी!

जान्या परत आला, थांबला, आणि त्यानं डोक्यावरचा फेटा मागे सारला.

"हाई कोनी करं?"

"मन्ही भाभीनी," बन्सीलाल म्हणाला.

"बाई, मन्हा मुशकीना असाच करी दे. काळा. आनि गळावर देवमण शे त्याना, तो इसरू नको!"

दुसऱ्या दिवशी काय झुंबड उडाली! ज्यानं काळापांढरा अबलख घेतला तो अबलख घेऊन दुकानापुढं उभा, ज्यानं तांबूस कुमेत घेतला तो लगाम धरून रांगेत. "मन्हा घोडाना पाय देख, एकच पांढरा शे." "मन्हीनी मान लांबी शे, बाई!" दगूबाई एकेका जनावराकडे डोळे भरून पाही, काजळात सळई बुडवी, आणि साच्यातल्या त्या एकसारख्या खेळण्यांतून ज्याचा त्याचा घोडा उभा राही. बन्सीलाल कान वळवायला शिकला, रमिला शेपट्या लावू लागली. मालकाच्या पोराच्या हातात खेळणं पडलं, की पोर आधी खेळण्याकडे बघे, मग खऱ्याकडे, आणि किंचाळे, "हाऊ त आपलाच शे!"

तिसऱ्या दिवशी जान्या आपली एक विकाऊ घोडी घेऊन आला. गिऱ्हाइकांना दाखवायला तिचंही खेळणं हवं होतं. दगूबाईनं घोडीभोवती एक फेरा घातला. आणि तिचे पाय जागीच खिळले... घोडीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. पण सळई तिनं खाली ठेवली नाही. खेळण्याच्या डोळ्याखाली तिनं बारीकसा भोवरा काढला.

"अवं बाई!" जान्या ओरडला. "हाई काय करं तुनी? मन्हं नुकसान करस का? पुसी टाक!"

"भाभी, पुसी टाक," बन्सीलालही घाबरून म्हणाला. "खेळनाच त शे."

"जशी शे तशीच ऱ्हाई," दगूबाई म्हणाली. आवाज हलका होता, पण ढळत नव्हता. "कोनले तरी तिनावर बसनं शे ना?"

तेवढ्यात गर्दी फाकली. शेजारच्या भिकनच्या गाडीतून दत्ताच्या दर्शनाला आलेल्या जसोदाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी ते खेळणं पाहिलं, तो भोवरा पाहिला. आसपास भिंत नव्हती. म्हणून त्या गर्दीलाच म्हणाल्या,

"दखा रे, दखा! हिले आते भोवरा दिसस! परकाना घोडीना दिसस! मंग मन्हा चुनीना येळले हिना डोळा फुटेल व्हतात का?"

दगूबाईनं मान खाली घातली. हातातली सळई मांडीवर पडून लुगड्यावर काजळ पसरलं, तिला कळलंही नाही. आज इतक्या माणसांत... तरी ती गप्पच!

"माय!" बन्सीलालचा आवाज चिरकला. "माय, भाभीनी ती घोडी दखीच नही व्हती!"

"काय?"

"दादानी माले धाडं, जाय, भाभीले बलाई लय, घोडी दखाडनी शे म्हने. मी गयथूच नही, माय! मी तंबूमा खेळ दखत बसनू. आनि येयीसन दादाले सांगी दिधं, भाभीनी दखी, चांगली शे म्हने. मंग तुलेबी तेच सांगं..." तो आईच्या पायाशी कोसळला. "मी खोटं बोलनू! तुनी भाभीले बोल लावा, आनि मी भ्यायीसन गप्प ऱ्हायनू..."

जसोदाबाईंची मान वळली. आणि नऊ वर्षांनी त्यांनी थोरल्या सुनेच्या डोळ्यांत पाहिलं.

"दगू... तुले हाई माहीत व्हतं?"

"व्हतं, माय."

"मंग बोलनी का नही, पोरी?"

दगूबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "तुन्हा एक पोर्‍या गयथा, माय. दुसराना गुन्हा सांगती त तोबी तुन्हा मनमाईन जाता. मंग तुन्हाजोडे कोन ऱ्हातं?"

"तू ऱ्हायनी ना!" जसोदाबाईंनी हंबरडा फोडला आणि सुनेला छातीशी घट्ट आवळलं. "मी भिंतसंगे बोलनू, लिंबसंगे बोलनू... आनि मन्ही देवी मन्हा घरमा राख काढी ऱ्हायनी!" एक हात त्यांनी खाली सोडला आणि बन्सीलालच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ तो हात तिथंच होता.

गर्दीतल्या बायका डोळे पुसत होत्या. जान्यानंही फेट्याच्या शेवानं नाक पुसलं. तेवढ्यात तोरणमाळकडचा एक शेतकरी, मघापासून घोडीचे पाय चाचपत होता, तो तुटक अहिराणीत म्हणाला, "भोवरा ऱ्हाऊ दे ना बापा. घाट चढस का, ते सांग!" सगळे हसले, आणि सौदा तिथंच झाला. भोवऱ्याचं खेळणं त्यानंच खिशात घातलं.

जसोदाबाई देवळाकडे गेल्या नाहीत. त्या दुकानात सुनेच्या शेजारी मांडी घालून बसल्या, आणि तो खणखणीत आवाज, जो नऊ वर्षं भिंतींवर वाया गेला होता, तो त्यांनी बाजारात सोडला.

"या रे, या! मन्ही वहूना हातना घोडा! कान दखा, शेपटी दखा! जसा तुमना घोडा तसाच, नही त परत लयी या!"

सांजेपर्यंत पोतं रिकामं झालं. पुढच्या वर्षी बन्सीलालनं चार पोती आणली. त्यानंतर यात्रेत मुंबईचे घोडे म्हणून कोणी विचारत नसे. दगूबाईचे घोडे कुठं मिळतात, एवढंच विचारीत. बन्सीलालच्या पहिल्या मुलाच्या जावळाची मिरवणूक गावातून निघाली ती घोड्यावरूनच, आणि लगाम जसोदाबाईंनी थोरल्या सुनेच्या हातात दिला.

जसोदाबाई एकोणीसशे सदुसष्टच्या वैशाखात, दुपारच्या वेळी, दगूबाईच्या मांडीवर वारल्या.