आजाऱ्याचा डबा

फोन दुपारी दीडला आला. हसनाबादच्या कांताबाईंनी एका दमात सांगून टाकलं, "म्याडम, माझ्या धाकट्या सुनंनं थोरलीला विष घातलं. थोरलीचे पाय गेले. धाकटी पळून जायच्या आत या."

उपनिरीक्षक राजनंदिनी साळवे पोचल्या, तेव्हा धाकटी पळालेली नव्हती. मीना अंगणात उन्हातच बसली होती आणि दारात जमलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. थोरल्या सुनेच्या खोलीला मात्र बाहेरून कुलूप होतं.

"आजारी माणसाला कुलूप?"

"तिच्याच भल्यासाठी, म्याडम," थोरला मुलगा कल्याण पुढे आला. किल्ली त्याच्या गळ्यात होती. "दिवाळीपासून लावून राह्यलो. मी शेतात गेलो की मागं कोणी काही चारू नये."

त्याने कुलूप काढलं. पत्र्याची खोली, एप्रिलचं ऊन आणि खिळे ठोकून बंद केलेली एकुलती खिडकी. आत पाऊल टाकताच राजनंदिनींना गुदमरायला झालं. बाजेवर दैवशाला पडली होती. वय तिशीच्या आत, अंगात ताप. उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या तसाच होता.

"पाणी पीत नाही का तुम्ही?"

"पिलं की बाहेर जावं लागतं. दार सांजंलाच उघडतं."

"मग दिवसभर?"

"धरून ठेवते. आता तर जळजळ व्हती, थेंब थेंब जातं." ती हळूच म्हणाली, "म्याडम, मी ह्या खोलीतच मरते बघा."

राजनंदिनींना राग आला, पण तो त्यांनी गिळला. त्यांनी कांताबाईंना बोलावलं.

"विष घातलं हे कशावरून?"

"तीनदा झालं ना! श्रावणात मीना परतूरहून डबा घेऊन आल्ती, चार दिवसांत हिचा उजवा डोळा गेला. पुढं थोडा उघडला. दिवाळी झाल्यावर आल्ती, मंग डावा पाय बधिर झाला. आता पाच दिवसांमागं आली, काल दोन्ही पाय गेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"दरवेळी डबा दैवशालाताईंनीच खाल्ला?"

"पहिल्यांदा दोन घास खाल्ले. मंग मी शिवू दिला न्हाई. फेकून दे म्हणलं, तर ह्या कल्याणनं खाल्ला. म्हणे अन्न टाकू न्हाई."

कल्याणने मान खाली घातली.

अंगणात मीना हुंदके देत होती. "म्याडम, दर वेळी कल्याणदादांचाच फोन येतो. अक्काला ताप आलाय म्हणतेत. आजाऱ्याला भेटाया रिकाम्या हातानं कसं यावं? गोडाचं काहीतरी करून आणते. त्याचं हे फळ!"

"म्हणजे ताप आधी आणि तुम्ही मागून?"

"तर काय! ताप नसला तर मी कशाला येऊ? दोन तासांची बस हाय."

आता गावाची आशा कार्यकर्ती पुष्पाबाई गर्दीतून पुढे सरकली. हातात तिची डायरी होती. तिच्या तोंडाला गावात कुणीच लागत नसे. "श्रावणात खोकल्याचा ताप, म्याडम. दिवाळीला जुलाबाचा. आताचा मला ठाऊक न्हाई. दिवाळीपासून तीनदा आले, तिन्ही बारीला कल्याणनं फाटकातून वापस लावलं. मी काय वाघीण हाय?"

राजनंदिनी पुन्हा खोलीत गेल्या.

"ताई, ह्याआधी कधी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं?"

"दोन वर्षं झाली. हाताला मुंग्या येत व्हत्या. संभाजीनगरला एका नळीत घातल्तं, आत नुसतं ठकठक वाजायचं. हे म्हणले, रगत कमी हाय."

राजनंदिनींनी तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांना फोन लावला. पंधरा मिनिटं बोलणं चाललं. मग त्यांनी ॲम्ब्युलन्स मागवली, सगळ्यांना खोलीच्या दारात बोलावलं आणि गर्दीला फाटकाबाहेर काढलं.

"मीनाने विष घातलेलं नाही. नंतरचे डबे तर ताईंनी खाल्लेच नाहीत. डबा आला म्हणून ताई आजारी पडल्या नाहीत. ताई आजारी पडल्या म्हणून डबा आला. तुम्ही डबा बघितला, त्याच्या आधीचा ताप कुणी बघितलाच नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!"

"मंग पाय कशानं गेले?" कांताबाईंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, लक्षणं मल्टिपल स्क्लेरोसिसची आहेत. अंगात जंतू शिरला की त्याला मारायला शरीराची राखण जागी होते. ह्या आजारात ती राखण जंतूबरोबर आपल्याच नसांवर तुटून पडते आणि त्यांचं आवरण खाते. वायरीचं प्लॅस्टिक निघालं तर मोटर चालेल का? दर तापाला असं होतंच असं नाही, पण खोकला असो, जुलाब असो, एखादं निमित्त पुरतं. ह्या वेळी निमित्त लघवीच्या जंतूंचं दिसतंय. आणि तो त्रास ह्या कुलपाने दिला."

"पर कुलूप तर विषापायी लावलं!"

"काकू, ज्याला विषाची भीती आहे, तो तोच डबा स्वतः खाईल? विष घालते म्हणता त्या मीनाला फोन करून बोलवेल? तिला दार उघडलं आणि गोळ्या देणाऱ्या पुष्पाबाईंना फाटकातून परत लावलं. कुलूप विषासाठी नव्हतंच. ताईंनी पुष्पाबाईंना काही विचारू नये म्हणून होतं. ती नळी म्हणजे एमआरआय, तो काढल्यावर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं असणार. कल्याण, कागद कुठे आहेत?"

कल्याण उंबऱ्यातच बसला. मग म्हणाला, "कडब्याच्या गंजीत. डॉक्टर म्हणल्ते, औषध कायमचं लागंल, ताप आला की जल्दी घेऊन या. आईला कळलं असतं तर म्हणली असती, हिला माहेरी धाड, दुसरी कर. मी हिला सोडणार नव्हतो, म्याडम. दिवाळीला आईच म्हणली, डब्यात काहीतरी हाय. मी न्हाई म्हणलो न्हाई. आजाराला काय करावं कळंना. विष म्हणलं की निदान कुलूप तरी लावता येतं."

आपण तसं म्हणालोच नसतो, हे कांताबाईंच्याने म्हणवलं नाही.

"पाय येतील का माझे?" दैवशालाने विचारलं.

"खोटं सांगणार नाही. आधी लघवीच्या जंतूंवर औषध, मग नसांवर. आज निघालो तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले."

मीना धावत आत आली आणि तिने दैवशालाला उठवून बसवलं. दैवशालाने तिचा हात घट्ट धरला. "तुला लई शिव्याशाप दिले गं मी." दोघी रडायला लागल्या.

ॲम्ब्युलन्स फाटकाशी थांबली. कल्याण बायकोला उचलायला वाकला. तिने हातानेच त्याला अडवलं.

"म्याडम, तक्रार लिहून घ्या. कोंडून ठेवल्याची."

"दैवशाला, अगं मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी केलं तर मला का न्हाई सांगितलं? आजार माझा व्हता." तिने राजनंदिनींकडे हात पुढे केला. "पेन द्या. सही आत्ताच करते. पाय गेलेच हायेत, उद्याला ह्या हाताचं कोणी सांगावं?"