तिसऱ्याची पाळी

"आजोबा, जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलंत आणि आता भुताच्या गोष्टी?"

"भुताची कुठे म्हटलं मी? झालं ते सांगतो. तेही मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. तो दिवा राहू दे चालू."

माझा एक जुना विद्यार्थी आहे. खाली टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वर घर. गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. एका गिऱ्हाइकाने जुना व्हिडिओ गेम दुरुस्तीला टाकला होता, रविवारी सकाळी हवा होता. रात्रीची जेवणं झाल्यावर हा तो तपासायला खाली उतरला. कंट्रोलर दोन, म्हणून धाकट्या भावालाही हाक मारली.

हाक मारली हेच विशेष. धाकट्याने वडिलांचं घर परस्पर विकून टाकलं होतं, तेव्हापासून अबोला. त्याच आठवड्यात तो परत राहायला आला होता. "सर, आता याला पुन्हा तोडायचं नाही," असं थोरला मला फोनवर म्हणालाही होता.

"हरलास तर चिडायचं नाही हं, दादा."

"गप रे. बटणं चालतात का बघ आधी."

गेम भुताटकीचाच. ठोकळ्याठोकळ्यांची हिरवट चित्रं. बंद घरात अडकलेले प्रवासी, त्यांतला एक फितूर. आपण कोण आहोत हे ज्याचं त्यालाच पडद्यावर दिसतं, तेवढा वेळ दुसऱ्याने डोळे मिटायचे. सगळा खेळ भरवशाचा.

धाकट्याने डोळे मिटले. थोरल्याने वाचलं: तू प्रामाणिक आहेस.

मग थोरल्याने मिटले. धाकट्याने वाचलं.

मग पडद्यावर आलं: आता दोघांनीही मिटा. तिसऱ्याला वाचू द्या. सांगेपर्यंत उघडू नका.

"हा तिसरा कोण रे उपटला?" थोरला हसला.

"म्हातारं मशीन आहे, दादा. भ्रमिष्ट झालंय. मिट."

मिटले दोघांनी.

टक्.

"तू दाबलंस?"

"नाही."

पुन्हा टक्... या वेळी पाठीमागून.

"दादा..." धाकट्याचा आवाज एकदम बारीक झाला. "काहीही झालं तरी उघडू नकोस."

"का?"

"ऐक माझं. एवढं एकदा ऐक."

थोरल्याच्या मनात आलं, मी प्रामाणिक... म्हणजे फितूर हाच. पुन्हा फसवतोय मला.

त्याने डोळे उघडले.

खोलीत दोघांशिवाय कोणी नव्हतं. धाकटा समोर. डोळे गच्च मिटलेले. पडद्यावर अक्षरं होती: एकाने विश्वास मोडला. दुसऱ्याचे मिटलेलेच राहतील.

थोरल्याने वायर उपटली.

"संपला खेळ. उघड."

धाकट्याचे डोळे मिटलेलेच.

"अरे, उघड ना!"

"दादा... त्याला हात काढायला सांग."

"मग, आजोबा? उघडले त्याने?"

"नाही. अजून नाही. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत दोष नाही, मनाचा खेळ आहे. मीही तेच म्हणत होतो. परवा भेटायला गेलो. थोरला त्याला भरवत होता... एकेक घास. धाकटा भिंतीला पाठ चिकटवून बसतो, तिथून हलतच नाही. दोन्ही पापण्यांवर बोटांचे वळ आहेत. ताजे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझं चुकत असेलही... पण ती बोटं मागून पुढे आलेली आहेत."