सूर्यफुलं माना टाकतात तेव्हा

साल १९७६. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहराच्या अलीकडच्या आमच्या टेकड्यांवर त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, गवत जळालं. पण सूर्यफुलं अशी फुलली की डोळे दिपावेत. बावीस वर्षांची मारीज रोज उजाडताच बाबांच्या शेतात असायची. गळ्यात मामाचा जुना कॅमेरा.

त्या सकाळी ती बांधालगत गुडघ्यांवर बसली होती. चौकटीत एकच फूल मावलं होतं. देठावरची लव उजेडात चमकत होती, पाकळीची सावली पाकळीवर पडली होती. असं काही सापडलं की तिला श्वास घ्यायचंही सुचत नसे.

"कॅमेरा हळूच खाली घ्या... आणि केसांना हात लावू नका."

आवाज पुरुषाचा. तेव्हा कुठे तिला ती गुणगुण ऐकू आली — कानाशी, मानेवर, डोक्याभोवती. पाठीमागे मधपेट्यांची रांग होती. काल तर इथे काहीच नव्हतं! एका रापलेल्या हातानं तिचा दंड धरून तिला हलकेच बाजूला ओढलं.

"माश्यांच्या दारासमोर बसतं का कोणी?"

"शेत आमचं आहे!"

"शेत असेल तुमचं. हा रस्ता त्यांचा."

ती रागावणारच होती... पण त्याच्या भुवईत एक माशी अडकली होती, आणि तो तिला खुशाल राहू देत होता. मारीजला हसू फुटलं.

त्याचं नाव रेजिस. जिथे फुलोरा, तिथे ट्रकमधून पेट्या नेणारा माणूस. बाबांनी त्याला फुलं संपेपर्यंत बांधावर जागा दिली होती.

"रोज तीच फुलं," तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणाला. "कंटाळा नाही येत?"

"तुम्हाला माश्यांचा येतो?"

"त्या मध देतात."

"आणि ही मला..." ती अडखळली. "कसं सांगू? फूल चौकटीत नीट बसलं ना, की पोटात गुदगुल्या होतात. झोक्यावर होतात तशा. घ्या, तुम्हीच बघा."

त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला तो काढेचना. चौकट फुलावर नव्हती, तिच्यावर होती. ते तिला कळलं — आणि तिनं कळल्याचं दाखवलं नाही.

फुलांचे दिवस थोडे. पाकळ्या सुकल्या, माना झुकल्या. शेजारचा जिल्बेर, ज्याची जमीन त्यांच्या बांधाला लागून होती, रविवारी जेवायला यायचा होता. कॉफी झाली की तो मारीजला मागणी घालणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"रविवारी पाहुणे आहेत म्हणे?" रेजिसनं विचारलं.

"हो. तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मीही रविवारीच पेट्या उचलतोय. म्हटलं... सांगावं."

एवढंच! ट्रकमध्ये झोपणाऱ्यानं जमीनदाराच्या मुलीला काय विचारावं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मारीजला वाटलं, याला धरून बुकलावं.

रविवारचं जेवण लांबत लांबत उन्हं कलली. बदक झालं, खरबूज झालं. खिडकीतून बांधावर ट्रक दिसला, आणि मारीजनं कॉफीचं भांडं तसंच खाली ठेवलं.

"आलेच. एक फोटो काढायचाय."

"आत्ता?" जिल्बेर हसला. "फुलांनी माना टाकल्यात की!"

"म्हणूनच," म्हणत ती बाहेर पडलीसुद्धा.

उकाडा असा की माश्या आत जायलाच तयार नव्हत्या. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी त्यांचे घोस दाढीसारखे लोंबत होते.

"सगळ्या आत गेल्याशिवाय दार लावता येत नाही," रेजिस तिच्याकडे न बघता म्हणाला. "मागे राहिल्या तर मरतात."

"किती वेळ लागेल?"

"गार वारा सुटेपर्यंत."

मारिया माते, आज वारा नको... पण पश्चिमेकडून झुळूक आलीच. घोस हलले. माश्या एकेक करून आत सरकू लागल्या. रेजिसनं एक दार लावलं. मग त्यापुढचं.

"मारीज! कॉफी निवतेय!" घरातून बाबा ओरडले.

शेवटच्या पेटीवर मूठभर माश्या उरल्या.

"रेजिस... मी घरात गेले की जिल्बेर विचारणार. त्याला मला उत्तर द्यावं लागेल. तू तर विचारतच नाहीस. तुला कशाचं उत्तर देऊ?"

त्याचा हात दारावरच थबकला.

"मला घर नाही, मारीज. आज इथे, उद्या जिथे फुलं असतील तिथे..."

"अरे वेड्या, मग मला दुसरं काय हवंय?"

तो कसाबसा म्हणाला, "येशील?"

"आधी तू आत ये. बाबांसमोर विचार."

शेवटची माशी आत शिरली. त्यानं दार लावलं, पँटला हात पुसले आणि पांढराफटक पडलेल्या चेहऱ्यानं तिच्यामागून अंगणाकडे चालू लागला.

जिल्बेरनं कॉफी शांतपणे संपवली, टोपी उचलली. पुढच्या वसंतात औषधवाल्याच्या मुलीशी लग्न केलं आणि सुखी झाला. बाबा वर्षभर जावयाशी बोलले नाहीत. पण पुढच्या जुलैत त्यांनी स्वतः बांधावरचं गवत कापून पेट्यांना जागा करून ठेवली. म्हातारा होऊन रेजिस देवाघरी गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. पेट्या मुलगी सांभाळते.

मारीज अजून उजाडताच शेतात जाते. हात कापतात, फोटो धूसर येतात.

"आजी, यात फूल कुठलं नि ऊन कुठलं?" नातवंडं चिडवतात.

ती फोटो डोळ्यांशी धरून बघते, खुदकन हसते... आणि पुन्हा कॅमेरा उचलते.