ओढणी टाकून धरलेली खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी ऋषभच्या गळ्यावरचा वळ बघायला नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमजवळच्या कापेलला आमच्या घरी यावं. चहा मी पाजीन.

गेल्या मार्चमधला रविवार, भर दुपार. रॉटरडॅममध्ये आयरिश चित्रपट महोत्सव होता. ऋषभ, माझा नवरा, सायकली लावायला मागे थांबला. मी पुढे धावले. जागा धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. शेजारच्या खुर्चीवर ओढणी टाकली आणि निवांत बसले.

महोत्सवाच्या एक पिकल्या केसांच्या आयरिश बाई आल्या. त्यांनी ओढणी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"ही खुर्ची आम्ही समुद्रावरून येणाऱ्यासाठी रिकामी ठेवतो. दुसरी घ्या," त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या.

मला राग आला. कोणा बड्या पाहुण्यासाठी असणार, आम्ही काय फुकट आलोय? त्यांची पाठ वळताच मी ओढणी परत टाकली.

अंधार झाला. पडद्यावर समुद्र.

शेजारी कोणीतरी बसलं...

"सायकल लावायला एवढा वेळ?" मी कुजबुजले.

श्वासाचा आवाज येत नव्हता... ओल्या लोकरीचा वास मात्र येत होता. बाहेर तर लख्ख ऊन होतं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला मोबाइलचा उजेड दिसला. ऋषभ.

"अगं, माझी जागा कुठे?" माझ्यापर्यंत येत त्याने विचारलं.

मग शेजारी कोण...

मी वळायच्या आत ओढणी ऋषभच्या गळ्याभोवती आवळली गेली. तो आडवा कोसळला. खुर्चीच्या हातावर आपटून भुवई फुटली, रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी स्टीलची बाटली घेऊन अंधारात दणादण हाणत सुटले. दर वेळी रिकामी खुर्चीच लागत होती... आणि ओढणी आणखी आवळत होती. तो पाय झाडत होता.

"सोड त्याला," मी किंचाळत होते.

दिवे लागले तेव्हा शेजारी कोणीच नव्हतं. गाठ कात्रीने कापावी लागली.

मागच्या रांगेतल्या लोकांनी पोलिसांना सांगितलं, ओढणी मीच ओढत होते. ऋषभ म्हणाला, तिने काही केलं नाही. प्रकरण तिथेच मिटलं.

पण तेव्हापासून तो दुसऱ्या खोलीत झोपतो. आतून कडी लावून.

परवा जेवताना मी विचारलंच, "तुला तिथे कोण दिसलं?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"दोन्ही खुर्च्यांवर तूच होतीस. एक ओरडत होती... एक ओढत होती."

"अरे, मग ओरडणारी मी. मीच तर तुझ्याबरोबर घरी आले."

तो ताटावरून उठला. कडीचा आवाज आला.

मी तिथेच बसून रडले. मी मीच आहे, हे सात वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला कसं पटवून द्यायचं?