पाकिटावरचा तिसरा रकाना

भनपुरीच्या लाकूड अड्ड्यावरून साजाच्या झाडाच्या लाकडाचा एक सडका तुकडा आणायचा, एवढंच काम होतं. कौमुदीला सवड नव्हती, म्हणून मंगळवारी सकाळी तिनं बाबांना पाठवलं.

रायपूर राजधानी होऊन तीन वर्षं होत आली होती. गावभर नव्या ऑफिसांच्या पाट्या लागत होत्या आणि चौबे कॉलोनीतल्या मागच्या खोलीत ही बया सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. लाकडावरच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशांचा एकच वंश, आणि त्यातल्या जाती वेगळ्या लावायच्या, यात तिची पाच वर्षं गेली होती. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले तिचे वडील, रामकृष्णबाबा, तिला नमुन्यांची पाकिटं लिहून देत. मोत्यासारखं अक्षर. लिहून झालं की शाई वाळवायला फुंकर मारत, आणि हलकी पाकिटं टेबलभर उडत. ती चिडायची, ते हसायचे. पाकिटावर तीन रकाने असत. जागा, तारीख, आणि बुरशी ज्यावर वाढली ते जिवंत की मृत. तिसरा रकाना फार महत्त्वाचा, कारण हा वंश फक्त मेलेल्यावर वाढतो. जिवंतावर एकदाही सापडलेला नाही.

दुपारी बाबा तुकडा घेऊन आले. अंगभर भुसा.

"ओंडक्यांची थप्पी सरकली वं माझ्या अंगावर. थोडक्यात वाचलो."

तिनं धावत येऊन त्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. पण अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं.

गुरुवारी दुपारी लाइट गेली. पंखा थांबला आणि खोलीत ओल्या, कुजक्या लाकडाचा वास दाटला. तुकडा तर तिनं कालच वाळवून डब्यात बंद केला होता. वास बाबांच्या बाजूनं येत होता. दोन दिवस त्यांनी जेवणाला हात लावला नव्हता. त्यांच्या नखांखाली तिला काळे ठिपके दिसले.

"बाबा, हात द्या बरं."

"काहून? धुतले ना म्या."

हात गार होता. तिनं नखाखालचं खरवडून काचपट्टीवर घेतलं, खिडकीच्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि हादरलीच. तपकिरी बीजाणू, प्रत्येकात तीन आडवे पडदे. तिचीच बुरशी.

तुकड्याची घाण लागली असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण तुकडा दोन दिवस तीच हाताळत होती. तिनं आपली नखं खरवडून पाहिली. स्वच्छ. मग बाबांच्या बोटाला तिनं हलकेच सुई लावली. सुई आत गेली... आणखी आत गेली. रक्त आलं नाही. टोकाला काळे तंतू गुंडाळून आले.

"दुखत नाही, बाबा?"

"नाही वं."

तिनं सुई खाली ठेवली. देवा, माझी पाच वर्षं चुकू देत, सगळं जाऊ दे चुलीत, पण हे चुकीचं ठरू दे, असं ती मनातल्या मनात विनवत राहिली.

बाबांनी शांतपणे कोरं पाकीट पुढे ओढलं. "नमुना घेतला न तू? मग लिहा लागते."

जागा त्यांनी लिहिली, भनपुरी. तारीख मंगळवारची टाकली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"बाबा... जिवंत लिहा. माझंच काहीतरी चुकलं असेल."

"खोटं कसं लिहू, बाई?" ते मायेनं म्हणाले. "तूच तं शिकवलं मले."

आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, मृत.

मग नेहमीसारखे गाल फुगवून त्यांनी ओल्या शाईवर फुंकर मारली. कौमुदी पाहत राहिली. कागदाचं हलकं पाकीट जागचं हललं नाही.