तपासलेलं झाड

दुपारचा डबा खाऊन झाला, तो विसळून पिशवीत गेला, आणि जंगलखात्याचा गार्ड यंत्र खांद्याला अडकवून उरलेली झाडं तपासायला निघाला. काम काही डोकं चालवायचं नव्हतं. सरकारी जंगलाच्या एका तुकड्याला कीड लागली होती आणि पोखरलेली झाडं दुसऱ्या दिवसापासून पाडायची होती. त्याआधी प्रत्येक बुंध्यावरून धातू शोधायचं यंत्र फिरवायचं. ते वाजलं तर आत खिळा आहे असं धरून झाडाला पिवळा पट्टा ओढायचा. पिवळ्या झाडाला करवत लावायची नाही, एवढंच.

खिळे कोण ठोकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. जंगल वाचवा म्हणणारी माणसं आधी अर्ज द्यायची, फलक घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची. त्यांतल्या चौघांचं डोकं फिरलं आणि ते वेगळे झाले. त्यांनी लाकूड डेपोतला ट्रक जाळला. मग झाडांच्या पोटात असे खिळे ठोकायला लागले, की वरून साल बघून कळू नये. चालत्या यांत्रिक करवतीची साखळी त्यावर आदळली की तुटून पाडणाऱ्याच्याच अंगावर येते. 'झाडाला हात लावाल तर हात राहणार नाही,' अशी चिठ्ठी जंगलखात्याच्या नाक्यावर दाराखाली मिळाली, तेव्हापासून मजूर कामावर यायला कचरत होते.

म्हणून गार्डच्या वरच्या साहेबानं, फॉरेस्टरनं, सांगून टाकलं होतं, पहिलं झाड मी पाडतो.

हा फॉरेस्टर गार्डचा साडू. थोरली बहीण गार्डच्या घरात, धाकटी त्याच्या. नोकरीला गार्ड आधी लागला. साडूचा अर्ज त्यानंच भरून दिला, जंगलातल्या पायवाटा त्यानंच दाखवल्या. पुढे साडू परीक्षा देऊन वर चढला, आणि चढला तोही दादा-दादा करतच. हेच गार्डच्या घशात अडकायचं. गडी माजला असता तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण साहेब झाल्यावरही तो गार्ड आला की खुर्चीतून उठायचा. घरी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज बोलून जायची, की जावईबापूंनी मजुरांना हातमोजे मिळवून दिले, जावईबापू धाकटीला दवाखान्यात स्वतः घेऊन गेले. गार्ड वर न बघता जेवत राहायचा. जेवण अंगी लागायचं नाही.

साडूनं निवडलेलं झाड वाटेलगतच होतं, सरळसोट, दोघांच्या कवेत न मावणारं. गार्डनं यंत्र कमरेएवढ्या उंचीवर धरलं आणि ते वाजलं. त्यानं पुन्हा धरलं. पुन्हा वाजलं.

रंगाचा डबा पायाशीच होता. त्यानं ब्रश बुडवला, निथळला, आणि हात तिथंच थांबला. उद्या मोठे साहेब येणार, फोटोवाला येणार, मजुरांच्या बायका येणार. सगळ्यांसमोर करवत खिळ्यात अडकेल, बंद पडेल, आणि एकदा, फक्त एकदाच, साडूचं तोंड उतरलेलं बघायला मिळेल. त्यानं ब्रश डब्याच्या काठावर पुसला. वहीत लिहिलं: तपासलं, निर्धोक. करवत नुसती अडकेल असंच वाटलं होतं, हे तो नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगत राहिला. पण साखळी तुटते तेव्हा काय होतं हे बावीस वर्षं जंगलात काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं.

सकाळी धुकं होतं. साडूनं हातमोजे चढवले, करवत उचलली आणि गर्दीत गार्डला शोधून काढलं.

"दादा, तपासलंय ना?"

"हो," गार्ड म्हणाला.

साडू हसला आणि वळला. पुढचं सगळं एका श्वासात झालं. करवतीचा सूर अचानक चिरकला, काहीतरी हवेत सपकन गेलं, आणि मग जंगलात इतकी शांतता पसरली की पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. साडूनं मान दोन्ही हातांनी धरली होती. डेपोच्या गाडीतून नेताना वाटेतच तो गेला.

पंधरा दिवसांत ते चौघे सापडले. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि सगळं खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं. खिळा खोल होता, यंत्राला लागला नसेल, असं म्हणून मोठ्या साहेबांनी गार्डच्या पाठीवर हात ठेवला आणि साडूचा कारभार त्याच्याकडे सोपवला. खोली मिळाली, खुर्ची मिळाली. पण खुर्चीसमोरच्या भिंतीवर साडूचा फोटो होता, आणि आत येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघायचा, मग गार्डकडे.

तोड पुन्हा सुरू झाली. जंगलाच्या नव्या पट्ट्यात गार्ड यंत्र घेऊन पोचायच्या आधीच मुकादम काही झाडं सोडून पुढे गेलेला असायचा. गार्डनं ती झाडं तपासली. एकूण एक वाजली. ती सोडायला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं, तर मुकादमानं आधी टाळाटाळ केली. मग हळूच म्हणाला,

"साहेब पुढे चालतात आमच्या… बुंध्यावर बोटांनी टकटक करत. जिथं थांबतात, ते झाड आम्ही सोडतो."

"कुठले साहेब?"

मुकादमानं आपल्या मानेवरून बोट फिरवलं.

कुणाच्याही अंगावर काटा आला असता. गार्ड मात्र जळफळला. मेल्यावरही हा पुढेच. मजूर मेलेल्याचं ऐकतात आणि जिवंत साहेबाला विचारतही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर यायच्या आत तो एकटाच पट्ट्यात शिरला. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. थोडं आत गेल्यावर त्याला ऐकू आलं… टक, टक, टक. थोडी शांतता. मग जरा पुढून, पुन्हा तीनदा. तो आवाजामागे चालत राहिला, चालता चालता धावायला लागला, आणि दम लागल्यावर एका बुंध्याला टेकला.

"त्यांना दिसतोस," तो धापा टाकत म्हणाला. "मग मला का नाही?"

टकटक थांबली. त्याच्या अगदी मागे, मानेशी, ताज्या कापलेल्या लाकडाचा आणि करवतीच्या तेलाचा वास आला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. तो तसाच समोर बघत, पाय टाकत घरी आला.

दाराशी पोचला तर आत बायको हसत होती. ती शेवटची कधी हसली होती हे त्याला आठवेना. तिच्या हसण्यात मिसळून एक पुरुषी आवाज हळूहळू काहीतरी सांगत होता. गार्डच्या मनात आधी भीती आली नाही. आधी आली ती जुनीच जळजळ, आणि त्या भरातच त्यानं दार ढकललं.

बायको एकटी होती. समोरची खुर्ची जरा मागे सरकलेली, आणि बैठकीवर करवतीचा ओला भुसा.

"जावईबापू आत्ताच उठले," ती म्हणाली. "रोज येतात. त्या दिवशी यंत्र वाजलं होतं, हेही सांगितलं त्यांनी… हसत हसत सांगितलं." तिनं हातानं भुसा गोळा केला, मुठीत धरला. "उद्याचं पहिलं झाड दादांनी पाडावं म्हणाले. मी हो म्हटलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. गार्डला तेच सहन झालं नाही. आल्या पावली तो निघाला आणि पहिली गाडी पकडून मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेला. यंत्र वाजलं इथपासून वहीत काय लिहिलं इथपर्यंत सगळं त्यानं सांगितलं. महिन्याभरापूर्वीच, साडू गेल्यावर, बदली होऊन आलेल्या कारकुनानं जबाब लिहून घेतला. गार्डनं सही केली तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास आला. नोकरी जाईल, तुरुंग होईल, पण आता ते झाड पाडायला नको.

कारकुनानं कागद शिक्का मारायला ओढला आणि साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. साक्षीदाराच्या जागी दुसरी एक सही होती, पूर्ण नावाची, आजच्या तारखेची. शाई अजून चमकत होती.

"ही कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"यांच्यासोबत आले होते ते," कारकून म्हणाला. "मान मफलरनं गुंडाळलेले. बाहेर बाकावर बसलेत… दादांचं झालं की दोघं मिळून जंगलात जायचंय म्हणाले."