उंबऱ्याशी थांबलेले पाय

डोळ्यांवर आभासी चष्मा चढवून शैलजाबाई भंगाळे स्वतःच्याच स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. ओटा, मिसळणाचा डबा, सगळं हुबेहूब. उंबऱ्याशी त्या थांबल्या आणि वाकून, चष्म्यात दिसणाऱ्या चपला काढू लागल्या.

"निरर्थक हालचाल. भानांक एकसष्ट," यंत्र म्हणालं.

"निरर्थक?" शैलजाबाई भडकल्या. "हे यंत्र जात असेल चपला घालून आईच्या ओट्यापाशी."

बायपासच्या वेळी त्यांचं हृदय थांबवून रक्त यंत्राने फिरवलं होतं. अशा शस्त्रक्रियेनंतर काहींचं लक्ष आणि स्मरण मंदावतं. घरी आल्यावर त्यांच्या हातून दोनदा गॅस उघडा राहिला, म्हणून शेगडीला केंद्राच्या यंत्राशी जोडलेली, गॅस अडवणारी झडप बसली. भानांक, म्हणजे यंत्राने दिलेले लक्ष-स्मरणाचे गुण, सत्तरच्या वर गेल्याशिवाय ती उघडणार नव्हती.

"चपला काढायचं आठवतंय, आणि तुम्ही गुण कापता?" त्यांची मुलगी मृदुला उपचार केंद्रात सराव घेणाऱ्या रेवतीवर संतापली.

"मला पटतं हो, ताई. पण यंत्र परदेशातल्या रुग्णांवर शिकलंय. मी वर कळवलं, तर उत्तर आलं, रुग्णाकडून सराव करून घ्या."

"म्हणजे यंत्र नाही सुधारायचं. आई सुधारायची."

"भांडू नका गं," शैलजाबाई म्हणाल्या. "तुझ्या डब्याची वाट बघून जीव विटलाय माझा. मला माझ्या हातचा चहा हवाय. जाते चपलांसकट. खोट्या घरात कसली आलीय रीत?"

पहिल्यांदा पाय अडखळला. यंत्राने शाबासकीचा गोड सूर वाजवला. मग रोजच वाजू लागला. रोज चाललं की पायवाट रुळते आणि न चालता सोडलेल्या वाटेवर गवत माजतं. मेंदूचंही तसंच असतं. या उपचाराचा पायाच तो होता.

महिन्याभरात झडप उघडली.

मृदुला आली तेव्हा चहा उकळत होता. शैलजाबाई अंगणातून गवती चहा तोडून आत आल्या. दारापासून ओट्यापर्यंत चिखलाचे ठसे उमटले.

"आई, चपला."

"त्यांचं काय?"

मृदुलाची नजर फरशीवर होती. शैलजाबाईंनी तिच्या नजरेमागोमाग खाली पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग चेहरा लालबुंद झाला. त्यांनी खटकन गॅस बंद केला.

"सोमवारी पुन्हा सराव आहे," त्या दातओठ खात म्हणाल्या. "नाही गेले तर शेगडी बंद. आणि गेले, तर आता माझ्यातलं काय काढून घेईल गं ते?"